परग्रहवासी भांडतात कशावरून?

साय-फाय आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवायचे कथाखेळ, खेळणाऱ्यांत एक वाद दर काही महिन्यांनी उकरून निघतो आणि दर वेळी त्याच खड्ड्यात जाऊन बसतो. एक बाजू म्हणते, खेळातले परग्रहवासी म्हणजे कपाळावर टेंगूळ चिकटवलेली माणसंच. खरा परका जीव आपल्याला कळताच कामा नये. दुसरी बाजू म्हणते, हे लढवय्ये, ते व्यापारी, पलीकडचे गूढ आणि ज्ञानी, असा आख्ख्या प्रजातीला एकेक स्वभाव वाटून देणं हाच वंशवाद आहे. तेव्हा प्रजातीचे ठरीव गुण काढून टाका आणि ज्याला जे व्हायचं ते होऊ द्या. कोपऱ्यात एखादा थकलेला गेम मास्टर, म्हणजे खेळाची गोष्ट चालवणारा, बसलेला असतो. त्याचं म्हणणं, अहो, चार तासांची करमणूक आहे, एवढं कशाला ताणता?

मला तिघांचंही थोडंथोडं पटतं, आणि तरीही हा वाद भलत्याच जागी चाललाय असं वाटतं. तिघंही संस्कृती शोधतात ती स्वभावात. पहिल्याला तो स्वभाव विचित्र हवा, दुसऱ्याला तो नकोच, तिसऱ्याला तो एका ओळीत हवा. माझ्या मते संस्कृती स्वभावात नसतेच. ज्या अडचणीतून कुणाचीच सुटका नाही, तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं घरचं भांडण म्हणजे संस्कृती. परग्रही संस्कृती रचायला बसलात तर आधी ती अडचण ठरवा, मग तिच्यावरून कोण कुणाशी भांडतं ते ठरवा. कानांचा आकार आणि झेंड्याचा रंग सवडीनं बघता येतो.

आधी दुसऱ्या बाजूला तिचं माप पदरात घालू, कारण तिच्या हातात इतिहास आहे. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच एक खेळ आला तेव्हा ड्वार्फ, म्हणजे बुटक्यांच्या प्रजातीतलं पात्र, निवडणाऱ्याला योद्धाच व्हावं लागे, आणि सहाव्या लेव्हलच्या, म्हणजे पायरीच्या, पुढे त्याला जाताच येत नसे. जन्मावरून धंदा ठरणार आणि जन्मावरूनच कुठवर चढायचं तेही ठरणार. हे वाचून आपल्याला काहीच आठवत नसेल तर आपण सोयीस्कर विसरभोळे आहोत. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टनं आख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. पोटच्या पोरानं चोरी केली की नाही हा प्रश्नच गौण, तो कोणत्या रकान्यात जन्मला एवढं पुरे. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. इंग्रजांनी फौजेच्या भरतीसाठी केलेलं 'लढवय्या जाती'चं कोष्टकही त्याच कारखान्यातलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली, कारण कोष्टकात ते लढवय्ये ठरेनात. १९१७ मध्ये महायुद्धाला माणसं कमी पडली तेव्हा त्यांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली, आणि १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट निघाली. माणसांचं रक्त पन्नासेक वर्षांत पुन्हापुन्हा बदललं काय? सरकारची गरज बदलली. तेव्हा 'प्रजाती अमुक, ताकद अधिक दोन, स्वभाव क्रूर' अशी ओळ दिसली की ज्यांच्या कपाळी दुखरी आठी पडते, त्यांना 'खेळ आहे, सोडा' म्हणणं मला जमत नाही.

पण औषध? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्रकाशकांनी २०२० साली प्रजातीनुसार मिळणारे हे 'अधिक दोन'सारखे बोनस हवे तिथे हलवायची मुभा दिली, २०२२ च्या अखेरीस 'वंश' हा शब्द सोडून 'प्रजाती' म्हणायचं जाहीर केलं, आणि २०२४ च्या नियमांत ते आकडे पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे शेतकरी, सैनिक, व्यापारी असल्या पार्श्वभूमीला जोडले. (त्या यादीत 'गुन्हेगार' हीही एक पार्श्वभूमी आहे. यावर हसावं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.) बदल चांगलाच आहे. पण त्यानं सुटलं ते अंकगणित. प्रजातीचा आकडा गेला, आणि आकड्याच्या जागी प्रश्न यायला हवा होता तो काही आला नाही. आता उरतो तो अंधारात पाहू शकणारा, टोकदार कानांचा, बाकी आपल्यासारखाच एक गृहस्थ. व्यक्ती तितक्या प्रकृती हे खरं, पण प्रकृती वेगळी म्हणजे कशापेक्षा वेगळी? बंडखोराला बंड करायला काहीतरी समोर लागतं. ज्या समाजात कशाचीच सक्ती नाही तिथला बंडखोर हवेत हातवारे करतो. त्या १८७१ च्या कायद्याचा खोटेपणा 'या जमातींना संस्कृती आहे' म्हणण्यात नव्हता. त्यांची भाषा, त्यांचे व्यवसाय, त्यांच्या पंचायती आणि त्या पंचायतींत रात्र-रात्र चालणारे तंटे, यातलं काहीच न बघता एक रकाना भरण्यात होता. रकाना खोडणं ही सुरुवात झाली. खोडल्यावर तिथे तंटा लिहायला कुणी बसेना, ही माझी तक्रार.

आता पहिली बाजू. योगायोग असा की १९७४ सालीच टॉमस नेगेल या तत्त्वज्ञानं विचारलं होतं, वटवाघूळ असणं हे कसं असतं? वटवाघळाच्या मेंदूचा कण अन् कण आपल्याला कळला, तरी आवाजाच्या प्रतिध्वनीवर जग 'पाहणं' आतून कसं लागतं ते कळणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. तो मला मान्य आहे. टेबलाभोवती बसलेली पाच माणसं खरी परकी जाणीव वठवू शकत नाहीत. मग प्रयत्न केला की काय होतं? अडीच हजार वर्षांपूर्वी हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचं झालं तेच. इजिप्तविषयी लिहिताना तो सांगतो की या लोकांचं सगळं जगाच्या उलटं: बायका बाजारात जाऊन व्यापार करतात आणि पुरुष घरी बसून विणतात. यातला परकेपणा हेरोडोटसच्या स्वतःच्या अंगणातला आहे. ग्रीक घर घेतलं, उलटं केलं, झाले इजिप्शियन. 'खरा परका' परग्रहवासी लिहिणारे बहुतेक जण नेमकं हेच करतात. आपण बोलतो, तर ते वासातून बोलतात. आपण दुःखात रडतो, तर ते दुःखात नाचतात. आरसा फिरवला तरी समोर आपणच.

याच्या उलट अल्‌-बिरूनी बघा. गझनीच्या महमूदाच्या काळात हा विद्वान हिंदुस्थानाविषयी लिहायला बसला, साधारण १०३० साली त्याचा ग्रंथ पुरा झाला. सुरुवात त्यानंही तशीच केली: हे लोक आपल्यापेक्षा सगळ्याच बाबतींत वेगळे आहेत. पण तो तिथे थांबला नाही. संस्कृत शिकला, ग्रंथ वाचले, आणि ग्रहणावर आला तेव्हा त्याच्या हाती मोठा मासा लागला. ग्रहण सावलीनं होतं हे ब्रह्मगुप्ताला पक्कं ठाऊक आहे, त्याचं गणितच त्यावर उभं आहे. आणि तोच ब्रह्मगुप्त राहू मानत नाहीत म्हणून आर्यभट, वराहमिहिर यांना धर्माच्या नावानं दटावतो. अल्‌-बिरूनी चिडतो. एवढा मोठा गणिती असं का बोलतो? मग तो अंदाज करतो की सॉक्रेटिसवर आली तशी काही आपत्ती या माणसापुढे असावी, म्हणून जिभेनं एक आणि गणितानं एक. हा अंदाज बरोबर की चूक ते सोडा. या पानावर काय घडलं ते बघा. 'हिंदू असं मानतात' हे वाक्य मोडलं आणि त्याच्या जागी काही माणसं आली: एक सावली म्हणणारा, एक राहू म्हणणारा, एक सावली ठाऊक असून तोंडानं राहू म्हणणारा. आकाशातली अडचण सगळ्यांना एकच होती, सूर्य अचानक काळा पडतो. उत्तरांवर मात्र भांडण होतं, आणि त्या भांडणात सत्ता होती, पोट होतं, भीती होती. हजार वर्षांनंतरही ते पान जिवंत वाटतं, आणि हेरोडोटसचं उलटं इजिप्त गमतीदार.

इथे एक आक्षेप हमखास येतो. मधमाश्यांसारखी प्रजाती असली तर? एकच मन, एकच इच्छा, भांडण कुठून आणणार? हा आक्षेप घेणाऱ्यांनी मधमाश्या पाहिलेल्या नसतात. पोळ्यातल्या कामकरी माश्यांना अफलित अंडी घालता येतात, त्यांतून नर निघतात. आणि दुसऱ्या कामकरी माश्या ती अंडी हुडकून खाऊन टाकतात. बेकायदा संतती आणि तिच्यावर पोलीस, दोन्ही घरातच. थवा नवं घर शोधायला बाहेर पडतो तेव्हा टेहळणी करणाऱ्या माश्या आपापल्या जागेची भलावण करत नाचतात, आणि दुसऱ्या जागेच्या पुरस्कर्त्या येऊन नाचणारीला डोक्यानं धडक देतात, बारीक पिपाणी वाजल्यासारखा आवाज करून, म्हणजे तिनं नाच थांबवावा. ही सभा कधीकधी दिवसचे दिवस चालते. निसर्गातल्या 'एक मन' म्हणून मिरवणाऱ्या प्राण्यांची ही कथा. तर मग बुद्धी, भाषा आणि अंतराळयानं असलेल्या प्रजातीत एकमत असेल, असं आपण का धरून चालतो? दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, आणि इथे आख्ख्या ग्रहाला एक भाषा, एक धर्म, एक टोपी.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे हे सगळं पुस्तकी वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी एका कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या एका सलग कथेसाठी, मी 'इलोम' नावाची प्रजाती रचली. मूळ कल्पना ऑक्टोपसवरून घेतली होती: मादी अंडी घातल्यावर खाणं सोडते, अंड्यांची राखण करते, आणि पिलं बाहेर येण्याच्या सुमारास मरते. नरही फार काळ टिकत नाही. म्हणजे पिढ्यांची गाठच पडत नाही. मग ऑक्टोपस एवढा हुशार असून त्याला परंपरा नाही याचं नवल काय? मी म्हटलं, अशा प्राण्यानं तरीही संस्कृती उभारली तर? आणि उत्साहानं तीस पानं लिहिली. इलोम मृत्यूला भीत नाहीत. इलोम शिस्तप्रिय आहेत. इलोम कर्तव्याला सर्वोच्च मानतात. प्रार्थना लिहिल्या, दिनदर्शिका लिहिली, अंत्यविधीचे सात प्रकार लिहिले. पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, दहा मिनिटांत पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, त्यांचं काय केलं? बाणेदार योद्धे. तलवार, शब्दाला जागणं, भुवया चढवून बोलणं. चूक खेळाडूंची नव्हती. मी त्यांना स्वभाव दिला होता, आणि तो स्वभाव त्यांच्या ओळखीचा होता.

मग एका खेळाडूनं, तिला इलोम पायलट खेळायचा होता, सहज विचारलं: "मला वाढवलं कुणी?" तीस पानांत याचं उत्तर नव्हतं. आईबाप मेलेले. शिकवणार कोण? ज्यांनी अंडी घातली नाहीत ते. म्हणजे इलोमांचं सगळं ज्ञान, सगळी भाषा, सगळी गाणी निपुत्रिकांकडून आलेली. ज्याला शिकवायचं त्यानं संततीवर पाणी सोडायचं, ज्याला संतती हवी त्यानं शिकवण्यावर आणि जगण्यावरही. ही झाली अडचण. यातून कुणाची सुटका नाही. आता लगेच भांडणं सुचू लागली. मरणाऱ्या आईनं पिलांना पत्र लिहून ठेवावं का? शिक्षकांचं म्हणणं, नाही. मेलेल्याला उलट विचारता येत नाही, आणि ज्याला उलट विचारता येत नाही त्याचं ऐकणं म्हणजे गुलामी. पत्रं जाळायचा कायदा आहे. पण पत्रं लिहिली जातात, तस्करी होते. काहींचं म्हणणं असं की हा कायदा तत्त्वासाठी नाहीच, पिलांवरची पकड सुटू नये म्हणून आहे. आणि एक तिसरा पंथ म्हणतो, पत्र ठेवा, पण पिलू स्वतः अंडी घालायला निघेल त्या दिवशीच द्या, जेव्हा त्याचा उपयोग उरणार नाही. त्या रात्री आम्हाला इलोमांतली सगळ्यात घाण शिवीही मिळाली: 'आईनं शिकवलेला'. ती ऐकताच टेबलावरचे सगळे आधी हसले आणि मग एकदम कुणी हसेना.

शिवीचा हा मुद्दा मी फार मानते. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२२ मध्ये पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या 'कुला' नावाच्या देवाणघेवाणीचं वर्णन केलं: लाल शिंपल्यांच्या माळा समुद्रावरून एका दिशेनं फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेनं, आणि मिळालेली वस्तू कुणीच फार काळ स्वतःजवळ ठेवायची नाही. परग्रहवासी म्हणून खपेल असा प्रकार आहे. पण ती माणसं मला दिसली कधी, तर मालिनोव्स्की सांगतो तेव्हा की कुणी कुला करताना घासाघीस केली, तर बाकीचे नाक मुरडून म्हणतात, हा कुला करतो तो गिमवाली केल्यासारखा. गिमवाली म्हणजे साधा भाव ठरवून केलेला अदलाबदलीचा व्यवहार. म्हणजे तिथेही नियम होता, नियम वाकवणारे होते आणि त्यांना टोमणे मारणारे होते. यातून काही घ्यायचं तर ती यंत्रणा घ्यावी, शिंपले नव्हेत. 'साडेसहा फुटी सरडे, पण सामुराई' असलं काही दिसलं की मला राग उसनवारीचा येत नाही. उसनं काय आणलं, त्याचा येतो.

'मग भरपूर अभ्यास करा म्हणजे झालं' हाही एक सल्ला या वादात फिरत असतो. अभ्यास करावाच. पण एम. ए. आर. बार्कर हे नाव लक्षात ठेवा. भाषाशास्त्रज्ञ, मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषयांचा प्राध्यापक, १९७५ साली छापलेल्या खेळातल्या तेकुमेल या जगाचा निर्माता. त्यानं त्या जगासाठी व्याकरणासकट भाषा रचल्या. युरोपी किल्ले-राजवाडे सोडून जग रचता येतं हे या खेळांत दाखवणारा तो पहिल्या काही जणांपैकी. २०२२ मध्ये त्याच्या वारशाची जपणूक करणाऱ्या संस्थेनंच मान्य केलं की त्यानं टोपणनावानं नाझींची भलावण करणारी ज्यूद्वेष्टी कादंबरी लिहिली होती. परक्यांविषयीचं ज्ञान आणि परक्यांविषयीचा आदर एकाच डोक्यात शेजारी राहतातच असं नाही.

राहता राहिला तो थकलेला गेम मास्टर. त्याचा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. सेशनला वेळ कमी, खेळाडू दमून आलेले, त्यांना पकडायला एक मूठ लागते. 'हे लोक लोभी' ही मूठ आहे. 'या लोकांचा परंपरेशी गुंतागुंतीचा संबंध आहे' ही मूठ नव्हे, हा निबंध आहे. कबूल. पण भांडण ही लोभापेक्षाही छोटी मूठ आहे. १९७७ साली आलेल्या ट्रॅव्हलर या खेळातले क्क्री घ्या: कळपानं राहणारे, शाकाहारी, बंद जागेची दहशत असलेले. ही दहशत त्यांच्या शरीरातच आहे, आणि तिच्यातून जहाजांचा आकार निघतो, एकट्यानं वाटाघाटीला न येणं निघतं. फार सुंदर रचना आहे. मांसाहाऱ्यांविरुद्धचा त्यांचा कडवेपणा मात्र मी वेगळ्या खणात ठेवते. ते अडचणीला दिलेलं एक उत्तर आहे, आणि उत्तर आलं की दुसरं उत्तर देणारा कुणीतरी कळपात असणारच. गेम मास्टरला तयारी किती करावी लागते? दोन एनपीसी, म्हणजे गेम मास्टरनं वठवायची पात्रं, दोघांची एका गोष्टीवरून अबोला धरण्याइतकी असहमती, आणि 'तुम्ही कुणाच्या बाजूचे?' हा प्रश्न पार्टीला. तीस पानं लागत नाहीत. मीच लिहिली होती, मला माहीत आहे. शिवाय एक एनपीसी भेटला की खेळाडू शितावरून भाताची परीक्षा करतात. दोन भांडणारे भेटले की ती परीक्षा आपोआप फसते.

सगळेच परग्रहवासी असे असावेत असं मी म्हणत नाही. एखादा जीव अजिबात न कळणारा ठेवावा, वादळासारखा. वादळाशी वाटाघाटी होत नाहीत, त्यातून वाचायचं असतं, आणि त्याचाही खेळ उत्तम होतो. पण ज्याच्याशी तह करायचा, ज्याच्या घरी राहायचं, ज्याचं पात्र कुणीतरी महिनोन्‌महिने आपल्या तोंडानं बोलणार, त्याला वादळ करून चालत नाही.

त्या पायलटचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बऱ्याच सेशन्सनंतर पार्टीला तस्करीच्या मालात पत्रांची एक पेटी सापडली. फासे काय पडले कुणास ठाऊक, मी वर्णन करता करता म्हणून गेले की एका पत्रावरचा पत्ता तिचा पायलट ज्यातून जन्मला त्या अंड्यांच्या घोसाचा आहे. मोहिमेतला मेकॅनिक म्हणाला, उघड. डॉक्टर म्हणाला, उघडू नकोस, ती पत्रं गळ असतात. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, आज इथेच थांबू या. पुढच्या वेळी तिनं ते उघडलं नाही, फेकूनही दिलं नाही. कॅम्पेन संपल्यावर मी सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्रांच्या नोंदींचे कागद, गोळा केल्या तेव्हा तिच्या सामानाच्या यादीत दोरखंड, ऑक्सिजनचे दोन डबे आणि एक मोडकी बॅटरी यांच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: पत्र, १, बंद.